ऑपरेशन झालेल्या मावशीला काय पाठवायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मावशी 64 वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं जॉइंट रिप्लेसमेंट होऊन आठ दिवस झाले, धंतोलीच्या दवाखान्यातून त्रिमूर्ती नगरला घरी आल्या, घरी फक्त मावसाजी आणि दुपारपर्यंत एक बाई, मावशींना शुगर आहे, तुम्ही पुण्याला, सुटी मिळत नाही आणि दोन हजारांत काहीतरी पाठवायचंय. डोक्यात फुलांचा बुके आहे, फळांची टोपली आहे, नाहीतर गरम पाण्याची पिशवी. मी 26 वर्षं नर्सिंगमध्ये आहे, पहिली 14 हाडांच्या वॉर्डात गेली आणि नंतरची 12 नागपुरातच घरोघरी जाऊन पेशंट सांभाळण्यात, त्यामुळे या विषयावर मला खूप सांगायचं आहे, लांबलचक होईल पण वेळ काढून वाचा.

आधी एक आजोबा सांगते. मानेवाड्याकडे राहायचे, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, मी रोज ड्रेसिंगला जायची. तिसऱ्या दिवशी जीभ पाहिली तर कोरडी पडलेली, लघवी गडद पिवळी, आणि उशाशी पाण्याची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. मला वाटलं सून पाणी देत नाही की काय. पण सून बिचारी दर दोन तासांनी विचारत होती, हेच नाही म्हणायचे. सून स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच मला म्हणाले, "सिस्टर, मी चार वाजल्यानंतर पाणी पीतच नाही. रात्री बाथरूमला न्यायला तिले उठवावं लागते, अन् तिले पहाटे पाचला डब्यासाठी उठा लागते." सुनेने एकदाही तोंड वाकडं केलेलं नव्हतं, यांचं यांनाच मागायला जड जात होतं. आणि त्या खोलीत भेटी किती होत्या माहितीय? तीन बुके, पावडरचे चार डबे, सफरचंदाची टोपली, सगळं पायथ्याच्या टेबलावर, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी. मी मेडिकल स्टोअरमधून प्लास्टिकचं झाकणवालं युरिन पॉट आणलं, तारेचा हूक करून पलंगाच्या दांडीला डाव्या हाताशी अडकवलं, कसं वापरायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी गेले तर बाटली रिकामी.

त्या दिवसापासून कोणी मला विचारलं की पेशंटला काय द्यावं तर मी हेच सांगते की ज्याने त्याचं एक मागणं कमी होईल ते द्या. दुखण्यावर गोळी असते हो, पण चष्मा दे, पंखा कमी कर, मोबाईल लाव, पाय उचलून ठेव, असं दिवसातून चाळीस वेळा दुसऱ्याला सांगावं लागतं ना, ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याचंच केलं तिला ते फार लागतं. तुमच्या मावशीही अशाच असणार, तुम्ही लिहिलंय ना की लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा पोरं सांभाळायच्या म्हणून.

तर मावशींसाठी माझ्या मते पहिल्या नंबरावर वॉकरची पिशवी. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, मग चष्मा, मोबाईल, पाण्याची बाटली, गोळ्या, रुमाल न्यायचं कशात? दवाखान्यातून घरी आलेल्या बायका मोबाईल ब्लाउजमध्ये खुपसतात नाहीतर दातात पिशवी धरून चालतात, मी पाहिलंय, आणि त्यातच तोल जातो. ही पिशवी तुम्ही स्वतः शिवू शकता नाहीतर कोपऱ्यावरच्या टेलरकडून शिवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. जाडसर सुती कापड घ्या, जुनी बेडशीट चालेल, मावशींची आवडती एखादी जुनी सुती साडी कोणाकडे असेल तर तिचं अस्तर लावा. रुंदी साधारण बारा इंच, खोली नऊ-दहा, वर दोन रुंद पट्ट्या आणि त्यांना वेल्क्रो म्हणजे दांडीवर गुंडाळून चिकटवता येते, नाडी नको, नाडी सोडायला बांधायला वाकावं लागतं. बाहेरून तीन कप्पे, एक मोबाईलचा, एक चष्म्याचा, एक उंच बाटलीचा. पिशवी वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला मधोमध बांधायची, एका बाजूला लटकवली की वॉकर त्या बाजूला ओढतो. आणि पिशवी खाली इतकी लोंबायला नको की पाऊल टाकताना गुडघा आपटेल. वजन कमीच ठेवायचं, अर्ध्या लिटरची बाटली ठीक आहे, दोन लिटरची नाही.

दुसरी वस्तू बेल. आता एप्रिल आहे, पारा चाळिशीच्या वर गेला, म्हणजे त्रिमूर्ती नगरच्या त्या घरात कूलर सुरू झालाच असेल. आपला नागपूरचा डेझर्ट कूलर ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, बाजूच्या खोलीतल्या माणसाला कोणी हाक मारली तर ऐकूच येत नाही. मावसाजी सत्तरीचे असतील, कानाने थोडं कमी ऐकू येत असेल, मावशी आतून तीनदा हाक मारतील आणि मग स्वतःच उठायला जातील. रात्री घाईघाईने एकटं उठून बाथरूमला जाताना जे पडणं होतं त्याने सगळं ऑपरेशन पाण्यात जाऊ शकतं. म्हणून वायरलेस डोअरबेल घ्या, बटण मावशींच्या उशीला किंवा पलंगाच्या कडेला चिकटवायचं आणि बेलचा डबा मावसाजी बसतात त्या खोलीतल्या प्लगमध्ये, रात्री ते झोपतात तिथे. काही शेकड्यांत मिळते. सीताबर्डीला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, ऑनलाइन तर आहेच. पितळेची देवातली घंटी पण चालते पण कूलरपुढे तिचं काही चालत नाही.

सोबत तीन मीटरची मोबाईल चार्जिंगची वायर टाका. ही इतकी साधी गोष्ट आहे की कोणाच्या मनातच येत नाही, आपल्याकडच्या जुन्या घरांमध्ये प्लग दाराजवळ असतो आणि पलंग खिडकीजवळ, मग मोबाईल दाराजवळ चार्जिंगला आणि पेशंट इकडे, आणि तुमचा फोन आला की मावसाजींची धावपळ. वायर मात्र चालायच्या वाटेवरून नको, भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने लावून घ्या म्हणावं.

गरम पाण्याची पिशवी तुम्ही लिहिली आहे ती कृपा करून नका पाठवू. नव्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर शेक देत नाहीत, सूज वाढते. तिथे थंड लागतं, कपड्यात गुंडाळलेला बर्फ किंवा जेल पॅक, एका वेळी 15 ते 20 मिनिटं, व्यायाम झाल्यावर. त्यातून मावशींना शुगर आहे, बरेच वर्षांची शुगर असली की पायांची संवेदना कमी होते, मग चटका बसला तरी कळत नाही, मी अशा पिशवीने पोळलेली पावलं पाहिली आहेत, फोड आलाय हे रात्री मोजा काढताना समजतं. म्हणून जेल पॅक पाठवा, दोन पाठवा म्हणजे एक फ्रीझरमध्ये राहते आणि एक वापरात, आणि सोबत एक जुना मऊ टॉवेल, कारण थंड पॅक सुद्धा थेट कातडीला लावायचा नसतो. टाके निघायचे असतील अजून, साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर पट्टी भिजायला नको, म्हणून पॅक गळका नाही ना ते पाहून घ्या. आणि किती वेळा लावायचा ते त्यांच्या डॉक्टरांना नाहीतर फिजिओला एकदा विचारून घ्या म्हणावं.

मऊ उशी पाठवायचा मोह पण होतो सगळ्यांना. छान गुबगुबीत उशी गुडघ्याखाली घेतली की आराम वाटतो, पेशंटही खूष होतो, आणि गुडघा त्याच वाकलेल्या अवस्थेत आखडतो, मग सरळ करायला महिना-महिना रडावं लागतं. उशी घ्यायचीच तर ती टाचेखाली, म्हणजे गुडघा मोकळा राहून सरळ होतो. म्हणून उशीपेक्षा एक घट्ट गुंडाळलेला टॉवेल बरा. हे मावसाजींना फोनवर नक्की सांगा, कारण प्रेमाने उशी सरकवणारे तेच असतात.

तसंच मालिशचं तेल. आपल्या विदर्भात कोणाचा पाय दुखला की पहिल्यांदा तेलाची बाटली येते, आणि सोबत "आमच्या ओळखीची मालिशवाली आहे, पाठवून देऊ का?" असा प्रेमाचा निरोप येतो. ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे पोटरीत रक्ताची गाठ व्हायची भीती असते, त्यासाठीच तर रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात आणि पाऊल वर-खाली हलवायचा व्यायाम सांगतात, त्या पोटरीला जोरात रगडणं धोक्याचं आहे. पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दुखायला लागली किंवा दम लागला तर तेल नाही, सरळ दवाखाना.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी भेट सांगते, यात पैसे कमी आणि मन जास्त आहे. मावशी देवपूजा कुठे करतात ते विचारा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत देव्हारा खाली असतो, बाई पाटावर मांडी घालून बसते, आणि या ऑपरेशननंतर मांडी घालू देत नाहीत, जमिनीवर बसूच देत नाहीत. फिजिओ सांगतो, डॉक्टर सांगतो, सगळे गुडघ्याबद्दल सांगतात, पण उद्यापासून देवाजवळ कशी बसू हे ती कोणाला विचारत नाही. प्रतापनगरकडच्या एक काकू होत्या, ऑपरेशन एकदम मस्त झालं, चालायला लागल्या, तरी चेहरा पडलेला. तीन आठवडे मला कळलं नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातची पूजा चुकली नव्हती, आता नातू करते, फुलं फेकल्यासारखी ठेवते." त्यांच्या मुलाने त्याच संध्याकाळी देव उचलून टेबलावर ठेवले, समोर हातांची खुर्ची, ताम्हण-पळी हाताच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी काकू आंघोळ करून केस विंचरून माझी वाट पाहत बसलेल्या, आणि व्यायाम न सांगता दोनदा केलेला. तुम्ही पुण्याहून हे करू शकता, कोणा भावंडाला सांगा, घरातलंच टेबल चालेल, नाहीतर एक साधं फोल्डिंग टेबल पाठवा, वर स्वच्छ कापड. खुर्ची मात्र उंच आणि दोन्ही बाजूंनी हात असलेली पाहिजे, सोफ्यात त्या रुतून बसतील आणि उठता येणार नाही.

फळांचं म्हणाल तर टोपली नको. एप्रिलच्या उन्हात पाच किलो फळं चार दिवसांत माना टाकतात, आणि धुणं, कापणं, उरलेलं वाटणं हे काम मावसाजींच्या डोक्यावर येतं. मृग बहाराची संत्री आता संपत आलेली असतात, आणि कोणी ना कोणी संत्रा बर्फीचा डब्बा घेऊन येईलच, शुगरवाल्या माणसापुढे बर्फी ठेवून "एकच खा" म्हणणं म्हणजे छळ आहे. त्यापेक्षा चवीचं काहीतरी द्या. अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव जाते, पोट पण साफ होत नाही, अशा वेळी जवसाची चटणी इतकी सुंदर लागते की काय सांगू, भाजलेले जवस, थोडी लाल मिरची, लसूण, मीठ, खलबत्त्यात कुटलेली, मऊ भाकरीसोबत नाहीतर वरण-भातावर एक चमचा. एक लहान बरणी पुण्याहून करून पाठवली तरी टिकते. सोबत भाजलेले फुटाणे. जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणून डाळ, दही, खात असतील तर अंडं, हे रोज पोटात जायला पाहिजे. आणि खरंच काही करायचं असेल तर त्यांच्याच गल्लीत डब्बा देणारी एखादी बाई शोधून पंधरा दिवस फक्त संध्याकाळचा डब्बा लावून द्या, मुगाची खिचडी, कढी, एक पातळ भाजी. दुपारनंतर बाई निघून जाते असं तुम्ही लिहिलंय ना, मग रात्रीचं जेवण कोण करतं? मला तर हाच प्रश्न सारखा डोक्यात येऊन राहिला.

म्हणजेच मावसाजींचा पण विचार करा. पेशंटला दहा जण विचारतात, सांभाळणाऱ्याला कोणी विचारत नाही. सत्तरीचा माणूस दिवसभर औषधं, बर्फ, बाथरूम, फोन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा करतो, आणि दोन आठवड्यांनी त्याचंच बीपी वर जातं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता मी पहिल्या दिवशी पेशंटसोबत त्यांचंही बीपी मोजते. त्यांच्यासाठी सात दिवसांचा, सकाळ-दुपार-संध्याकाळ असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा पाठवा, रविवारी एकदा भरला की रोज पाकिटं शोधावी लागत नाहीत. गोळी दिली की नाही यावरून म्हातारा-म्हातारीचं भांडण होतं ना, ते पण थांबतं. आणि नागपुरात तुमचं कोणी भावंडं असेल तर त्याला सांगा की शनिवारी दोन तास मावशीजवळ जाऊन बस आणि मावसाजींना बाहेर काढ, फुटाळ्यावर फिरून येऊ दे नाहीतर नुसतं मित्राकडे बसून येऊ दे.

भेटायला जाणाऱ्यांनाही तुमच्यामार्फत एक निरोप द्या. आपल्याकडे पेशंट घरी आला की संध्याकाळी पाच ते आठ नुसती रांग, आणि प्रत्येकाला चहा. आधी फोन करून जा, पंधरा मिनिटं बसा, आणि जाताना थर्मासमध्ये चहा आणि सोबत कप घेऊन जा, कप परत न्या. असं करणारी एकच बाई मला 12 वर्षांत भेटली, त्या घरचे लोक अजून तिचं नाव काढतात.

इतर पेशंटबद्दल पण थोडं लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी गुडघाच असेल असं नाही, आणि एकाला जे आरामाचं ते दुसऱ्याला घातक असू शकतं. किडनीचा पेशंट, विशेषतः डायलिसिसवाला असेल तर नारळपाणी, संत्री, केळी घेऊन जाऊ नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. नारळपाणी पेशंटला चालतंच असं आपण डोळे मिटून धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. डायलिसिसच्या पेशंटला पाणी सुद्धा मोजून असतं, त्याला मापाच्या खुणा असलेली बाटली द्या, ती खरंच कामी येते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या सुरू असतील तर चकोतरा, पपनस नको, गोळीचा असर वाढतो, आपली संत्री मात्र चालतात. असिट्रोमसारखी रक्त पातळ करायची गोळी असणाऱ्याला प्रेमाने रोज पालक-मेथीचा डब्बा नका देऊ, पालेभाजी एकदम वाढली की गोळीचं गणित बिघडतं.

केमो सुरू असेल तर फुलं, कुंडीतली झाडं आणि कच्ची सॅलडं बाहेरच ठेवा. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, मातीतली बुरशी आणि फुलदाणीतलं पाणी त्यांना सहन होत नाही. अत्तर, उदबत्ती, वासाचं क्रीम पण नको, वासानेच उलटी होते. केस गेलेल्या डोक्याला मऊ मलमलचा स्कार्फ किंवा टोपी लागते, शिवण बाहेरून असलेली, कारण आतली शिवण टोचते. गांधीबागेत मलमल मीटरवर मिळतं, एक मीटरमध्ये दोन होतात. बायपासवाल्यांना छातीशी धरायला एक घट्ट लहान उशी द्या, खोकला आला की ती आवळून धरली की हाडाला आधार मिळतो, आणि अंगातले कपडे सगळे पुढून बटणाचे, डोक्यावरून घालायचं काही नको, हात वर होत नाहीत. सिझेरियन झालेल्या मुलीलाही ती उशी तितकीच उपयोगाची, सगळे बाळासाठी झबली आणतात, तिच्यासाठी कोणी पुढून उघडणारा सुती गाऊन आणला तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

मोतीबिंदूवाल्यांना रेडिओ द्या, काही दिवस डोळ्यांवर ताण नको असतो आणि दुपार सरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू सुरू झाला की लोक किवी आणि पपईच्या पानाचा रस घेऊन धावतात, मी म्हणते मच्छरदाणी घेऊन जा. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, आणि ताप असलेल्या माणसाला चावून तोच मच्छर घरातल्या दुसऱ्याला चावतो, म्हणून पेशंट दिवसासुद्धा मच्छरदाणीत पाहिजे. सोबत ओआरएसची पाकिटं. आणि अंगदुखीची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने नका देऊ, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

मनाच्या आजाराने घरी बसलेल्या माणसाला "हिंमत ठेव" टाइपची पुस्तकं नका देऊ. रोज ठरलेल्या वेळी एक छोटा फोन करा, उत्तराची अपेक्षा नसलेला, किंवा सकाळी जाऊन अंबाझरीपर्यंत त्याच्या सोबत चालून या, बोलला नाही तरी चालेल.

एक गोष्ट फक्त नागपूरकरांसाठी. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून लोक पेशंट घेऊन इथे येतात, मेडिकलला, मेयोला, कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात, आणि नातेवाईक आठ-आठ दिवस बाहेर फरशीवर झोपतात. तुमच्या गावचं कोणी असं आलं असेल तर फळं नेऊ नका. एक सतरंजी, एक पांघरूण, बादली-मग, साबण, झाकणाचा स्टीलचा डब्बा, मच्छर अगरबत्ती आणि दोन वेळचं जेवण न्या, आणि जमलं तर एकदा घरी आणून आंघोळ करू द्या. वॉर्डात असताना माझ्या पेशंटच्या एका आईने मला सांगितलं होतं की सहा दिवसांत तिने पहिल्यांदा केस धुतले ते एका अनोळखी बाईच्या घरी, आणि त्या दिवशी ती पेशंटजवळ बसून पहिल्यांदा हसली, हे मी स्वतः पाहिलं.

तर ताई, तुमचे दोन हजार असे लावा. वॉकरची पिशवी घरी शिवलेली, वायरलेस बेल, दोन जेल पॅक आणि मऊ टॉवेल, लांब वायर, गोळ्यांचा डबा आणि जवसाच्या चटणीची बरणी, एवढं त्यात बसायला पाहिजे. पैसे उरले तर सुती गाऊन घ्या, पोटरीपर्यंतच्या लांबीचा, घोळदार, पायात अडकणारा नको. कमोडवर बसवायची उंच सीट आहे का ते आधी विचारा, नसेल तर बाकीचं सगळं राहू द्या आणि ती आधी घ्या, खाली वाकून बसणं त्यांना आत्ता सगळ्यात अवघड जात असेल आणि त्या तुम्हाला ते सांगणार नाहीत. धंतोलीत आणि मेडिकल चौकात सर्जिकलची दुकानं आहेत, फोनवर सांगितलं तर घरपोच देतात बरेच जण, आणि कमोड खुर्ची, वॉकर, हवेची गादी असं सामान भाड्यानेही मिळतं, दोन महिन्यांसाठी विकत घ्यायची गरज नाही.

पिशवी शिवण्याआधी वॉकरच्या पुढच्या दांडीची लांबी आणि जाडी विचारून घ्या, सगळे वॉकर सारखे नसतात. मावसाजींना टेप शोधायला नका लावू, दोरी गुंडाळून कापून ठेवायला सांगा आणि ती पट्टीवर ठेवून फोटो मागवा.